पांढरीचा काठ

टेबलावर तीन नद्या आहेत,
तिन्ही पंचगंगाच.

पहिली काळीपांढरी, विमानातून घेतलेली,
कोपऱ्यात कुणाची तरी निळ्या शाईतली सही
आणि उसावरून सरकणारी त्याच विमानाची सावली,
माशीएवढी.
दुसरी महापुरानंतरची.
तिसरी परवाची, निलोफर शिकलगारने ड्रोन उडवून काढलेली,
वाऱ्याला आणि घारींना शिव्या देत.

आधी न हललेल्या गोष्टी शोधायच्या असतात.
देवळाचा कळस, मोटेची विहीर, पुलाची तिसरी कमान.
त्यांच्यावर टाचण्या टोचायच्या, वर ट्रेसिंग कागद,
मग काठ स्वतःच कबूल करतो
किती सरकला ते.

देऊळ नवं बांधलंय, चार हात पुढे.
विहीर बुजवून वर मोबाईलचा टॉवर.
पूल तेवढा जिथल्या तिथे.
एका टाचणीवर नकाशा
गरगर फिरतो.

वळणावर पांढरी आहे. जुन्या वस्तीचं टेकाड.
लोकांनी तिची माती गाड्या भरभरून खताला नेली,
काळीत घातली, ऊस जोमात आला.
उरलेली नदी नेते. ती गाड्या मोजत नाही.

दरडीत एक आड उघडा पडलाय,
भाजल्या मातीची कडी, एकावर एक.
महापुरानंतरच्या फोटोत अकरा.
परवाच्यात चार.
आड जमिनीत असतो; हा हवेत उभा आहे,
भोवतालची जमीन काढून घेतल्यावर
उरलेलं नुसतं खोलपण.

ज्ञानू आंबी नावेच्या परवान्यासाठी आले होते.
शेजारचे साहेब जागेवर नव्हते, म्हणून माझ्या दाराशी टेकले.
"ही वरनं काढलीया व्हय?"
चष्मा घरी राहिलेला. माझं भिंग घेतलं.
आडाकडे पाहिलं नाही, देवळाकडे नाही.
बोट काठाकाठाने चाललं,
कागदाला न टेकता,
आणि थांबलं.

"ह्यो मी."

एक राखाडी ठिपका. शेजारी त्याहून मोठा.
"म्हस धूत हुतो. इमान एवढं खाली आलं की म्हस बिथारली.
मी वर बघितलं.
आई वराडली, बघू नगंस, डोळं जात्याल."

मी परवाच्या काठाची रेघ त्यावर धरली.
ठिपका भर पात्रात.
काही बोलायच्या आत तेच म्हणाले,
"तितं आता दोन परस पानी हाय.
रोज नाव न्हेतो की.
माज्याच डोस्क्यावरनं."

मग विचारलं, हे कुणासाठी मोजताय?
मी म्हटलं, जुनं गाव आहे तिथे,
दोन हजार वर्षांपूर्वीचं, वाहून चाललंय.
"गाव व्हय," म्हणाले, आणि थोडा वेळ भिंगाशी खेळले.
"घरी एक ताटली हाय, काळीतांबडी,
दरडीखाली घावल्याली. कोंबड्या पानी पित्यात.
पायजे तर न्या.
कोंबड्यांना बघू कायतरी दुसरं."

साहेब आले. ते उठून गेले.
भिंगावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिला,
वळणं वळणं घेत.

दुसरी टाचणी माझ्या हातातच होती.
ठिपक्यापाशी नेली, नुसतीच.
मुलगा वर बघत होता.
टोचवेना.

टॉवरच्या बुडाशी लावली शेवटी,
जिथे विहीर होती म्हणतात तिथे.
नकाशा फिरायचा थांबला.
काठ तेवीस मीटर आत आलाय, दोन इकडे-तिकडे.

अहवालात "शेरा" नावाचा रकाना असतो,
त्यात एकच ओळ मावते.
लिहिलं:
एक ताटली मिळेल. आधी कोंबड्यांची सोय करावी.